रागसंगीतावर वाढलेल्या कानाने जॅझ, बाख आणि रॉकचे अल्बम कसे ऐकावेत?

विलंबित_एकताल

नमस्कार. माझे ऐकणे प्रामुख्याने ख्यालगायकी आणि नाट्यसंगीत यांवर पोसलेले आहे. अलीकडे मी इतर संगीतप्रकारांतले नावाजलेले अल्बम, मधली एखादीच रचना न निवडता, सलग ऐकण्याचा परिपाठ ठेवला आहे. त्यांतल्या काहींनी मला तत्काळ आपलेसे केले, काहींपुढे मी कोराच राहिलो आणि या दोहोंमागचे कारण मला नीट उमगत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) मला पहिल्याच बैठकीत भावला. त्यातल्या 'सो व्हॉट' या पहिल्या रचनेत पॉल चेंबर्सचा डबल बास एक वाक्य बोलतो आणि त्याला दोन स्वरसमूहांचे उत्तर मिळते, आधी पियानोकडून आणि मग ट्रम्पेट व सॅक्सोफोन यांच्याकडून. हा संवाद संपून माइल्सचे वादन सुरू होताना ड्रमवादक जिमी कॉबची झांज एकदाच जोरात वाजते आणि तिची आस पुढे कितीतरी वेळ रेंगाळते. तेवढी जागा मी मागे जाऊन पुन्हा पुन्हा ऐकतो. मात्र याच रचनेत मध्येच सगळे काही अर्ध्या स्वराने वर सरकते, तेव्हा तानपुरा चढल्यासारखा कान दर वेळी बिचकतो.

बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' मी पियानोवादक ग्लेन गूल्डच्या दोन्ही ध्वनिमुद्रणांत ऐकली. १९५५ चे वादन म्हणजे तयारीच्या गवयाची तानबाजी वाटली. थक्क झालो, पण गुंतलो नाही. १९८१ चे वादन मात्र सोडवत नाही. पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'मधली (१९७३) घड्याळे, गल्ल्याचा खणखणाट आणि हृदयाचे ठोके मला नाटकाच्या पार्श्वध्वनीसारखे वाटले आणि त्यामागचे संगीत पातळ वाटले. मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) मी पूर्ण करू शकलो नाही, कारण सारे एकाच तीव्रतेत चालले आहे असे वाटून थकवा आला. 'ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब' (१९९७) इतका सहज आवडला की त्या आवडीचाच मला संशय येतो.

तर प्रश्न असा, की षड्जाशी बांधलेला कान असे अल्बम ऐकताना अडसर ठरतो की आधार?

मंद्रपंचम

आपला कान बिचकतो ती जागा अगदी मोजता येण्यासारखी आहे. 'सो व्हॉट'चे एक आवर्तन प्रत्येकी चार मात्रांच्या ३२ मापांचे आहे. पहिली १६ मापे एका स्वरसप्तकात, पुढची ८ तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर नेऊन आणि शेवटची ८ पुन्हा मूळ जागी. हे सप्तक म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर, गांधार आणि निषाद कोमल. त्यामुळे सुरुवातीला आपल्याला घरच्यासारखे वाटते आणि म्हणूनच पुढे षड्ज हलला की धक्का अधिक बसतो. परंतु हा राग नव्हे. वादी-संवादी, न्यासाचे स्वर, चलन यांचे कोणतेही बंधन त्या वादकांवर नव्हते आणि ते शोधत राहिल्यास निराशाच पदरी पडेल.

माझी सूचना अशी, की दोन-तीन वेळा फक्त बासकडे लक्ष ठेवून ऐकावे. हातावर आवर्तन मोजले की सतराव्या मापाची चाहूल आधीच लागू लागते आणि तो धक्का समेसारखा अपेक्षित होतो. त्यानंतर याच अल्बममधली शेवटची 'फ्लॅमेन्को स्केचेस' ऐकावी. तिच्यात पाच सप्तके एकामागून एक ठरलेली आहेत, पण प्रत्येकात किती काळ राहायचे हे वाजवणाऱ्याने ठरवायचे आहे. ख्यालाच्या श्रोत्याला ही मोकळीक ओळखीची वाटेल.

जाता जाता एक गोष्ट. या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवशी यंत्राची फीत किंचित मंद चालल्यामुळे मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूवरील तिन्ही रचना थोड्या चढ्या स्वरात वाजत असत आणि ही चूक १९९२ च्या आवृत्तीत सुधारली गेली. जुनी तबकडी हाती आली तर सुराला पक्क्या माणसाने पेटी घेऊन जरूर पडताळून पाहावे.

आडवाटेचा_श्रोता

गूल्डच्या १९५५ च्या वादनाला तानबाजी म्हणणे मला मान्य नाही. या कृतीत एक आरिया, म्हणजे सुरुवातीची मूळ रचना, आणि तिच्यावर ३० रूपे (व्हेरिएशन्स) आहेत, पण ती रूपे आरियाच्या चालीवर नसून तिच्या खालच्या, म्हणजे मंद्रातल्या स्वरांच्या चौकटीवर उभी आहेत. उजव्या हाताची झळाळी ऐकत राहिले तर केवळ वेग दिसतो; डाव्या हाताकडे कान दिला की तीच चौकट दर आवर्तनाला परत येताना ऐकू येते आणि १९५५ मध्ये तो तरुण वादक ती चौकट किती स्वच्छ मांडतो हे लक्षात येते. शिवाय शेवटचे तिसावे वगळता प्रत्येक तिसरे रूप कॅनन आहे, ज्यात एक आवाज दुसऱ्याच्या मागोमाग तेच बोलतो, आणि दोघांतले स्वरांतर दर वेळी एकेक पायरीने वाढत जाते.

पहिले ध्वनिमुद्रण सुमारे ३८ मिनिटांचे, दुसरे सुमारे ५१ मिनिटांचे. पण हा फरक केवळ लयीचा नाही, कारण दुसऱ्या वेळी गूल्डने काही रूपांच्या पूर्वार्धाची पुनरावृत्तीही केली. आरिया मात्र खरोखरच बदलली. पूर्वी ती दोन मिनिटांच्या आत संपत असे, नंतर तीन मिनिटांहून अधिक चालते. गंमत म्हणजे पंचविसावे, सर्वांत विषण्ण रूप त्याने तरुणपणीच अधिक संथ वाजवले आहे. तेव्हा 'आधी वेग, मग खोली' हे समीकरण इतके सरळ नाही.

गूल्डची ही दोन्ही वादने आणि 'काइंड ऑफ ब्लू' न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबियाच्या एकाच स्टुडिओत झाली आहेत. ते मूळचे चर्च होते आणि छत खूप उंच होते. आपल्याला भावलेल्या त्या झांजेच्या आसेत त्या वास्तूचाही वाटा असणार.

गच्चीवरचा_रेडिओ

'डार्क साइड'विषयी आपण घाईने निकाल दिला असे मला वाटते. 'मनी'मधला गल्ल्याचा खणखणाट हा पार्श्वध्वनी नव्हे, तो ठेका आहे. फितीचे तुकडे मोजून जोडून तो सात मात्रांत बसवला आहे आणि गाणे त्याच सातात चालते. रूपक ज्याच्या हातात बसला आहे त्याला हे लगेच सापडावे. सॅक्सोफोनही सातातच वाजतो. गिटारची पाळी आली की लय चारात उघडते आणि त्या क्षणी छाती मोकळी होते.

'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये क्लेअर टोरी शब्दांविना गाते. तिला त्या सत्राचे ३० पौंड मिळाले होते. पुढे तिने दावा लावला आणि २००५ मध्ये तडजोड होऊन पिंक फ्लॉइडच्या रिचर्ड राइटच्या जोडीने तिचे नाव रचनाकार म्हणून लागले. तिचा टिपेचा आवाज ओसरत ओसरत कुजबुजीवर येतो, तिथे तबकडीची पहिली बाजू संपत असे. उठायचे, तबकडी उलटायची आणि मग 'मनी'. मोबाइलवर हा विराम नाहीसा झाला आहे, म्हणून मी तिथे मुद्दाम थांबतो.

आडवाटेचा_श्रोता

मेटॅलिकाचेही दोन शब्द. सारे एकाच तीव्रतेत आहे हे खरे नाही. पहिलेच 'बॅटरी' अकूस्टिक गिटारवर शांतपणे सुरू होते आणि शीर्षकगीताच्या मध्यावर लय निम्मी होऊन दोन गिटारी जोडीने गातात. 'ओरायन'मध्ये तर शब्दच नाहीत, क्लिफ बर्टनचा बास तिथे पुढे आहे. आवाज कमी ठेवून तेवढे एक ऐकावे. तरीही आवडले नाही तर सोडून द्यावे. सगळेच आवडले पाहिजे असा काही दंडक नाही.

मंद्रपंचम

'ब्वेना व्हिस्टा'चा संशय कशाला? मार्च १९९६ मध्ये क्यूबातल्या हवानात माली देशाचे वादक येणार होते, ते पोहोचू शकले नाहीत, म्हणून अमेरिकन गिटारवादक राय कूडरने स्थानिक जुन्या कलावंतांना गोळा केले आणि हा अल्बम झाला. त्यांतल्या गायक कोंपाय सेगुंदोने तेव्हा ८८ वर्षे ओलांडली होती. त्यातली सहजता ही अशी आयुष्यभर मुरलेली आहे. 'चान चान' लावून क्लाव्हे हा पाच आघातांचा ठेका टाळीने धरून पाहावा; दोन मापांत तीन आणि दोन अशी त्याची विभागणी असते. गाणारा त्या टाळीशी किती लपंडाव खेळतो हे कळले की 'सोपे आहे' असे आपण म्हणणार नाही.

विलंबित_एकताल

सर्वांचे आभार. सतरावे माप मोजून पाहिले. दुसऱ्या खेपेला कान बिचकला नाही, उलट वाट पाहू लागला. सात मात्राही सापडल्या, मात्र गिटार चारात गेल्यावर मला मोकळे वाटण्याऐवजी काहीतरी सुटल्यासारखे वाटले, त्यामुळे त्या मताशी अजून सहमत नाही. १९५५ चे गोल्डबर्ग आता फक्त डाव्या हातासाठी ऐकणार आहे. 'ओरायन'ला मात्र थोडा अवधी द्यावा ही विनंती.