प्रतिसाद : वनराज भाटिया आणि समूहस्वर

वर नागपूरच्या कॉलेजातल्या वृंदगानाचा प्रश्न आलाय: ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन मालिकेचं अनेक स्वररेषांचं शीर्षकगीत बसवताना सगळे एकाच चालीत का ओढले जातात? कारण आपलं शिक्षण सगळ्यांनी एकच चाल गाण्याचं. या गीताचे संगीतकार भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे शिकलेले. एकाच वेळी अनेक स्वररेषा चालवणं त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यात शब्द ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे (मंडल १०, सूक्त १२९). हा संयोग मला फार मोलाचा वाटतो.

सोळा गायक असतील तर चार स्वररेषांपैकी सर्वांत वरच्या आवाजाला पाच, बाकी तिन्हींना चार, तीन, चार असे वाटा. प्रत्येक ओळ वेगळी पाठ होऊ द्या. मग आधी सर्वांत वरची आणि सर्वांत खालची जोडा, मधल्या दोन नंतर. पेटीवर चाल वाजवू नका, सगळे तिच्यामागे जातात. फक्त तानपुरा ठेवा. कडवं संपलं की सा तपासा, कारण साथीशिवाय समूह हळूहळू उतरतो. सा म्हणून पुरुषांना पेटीवरची काळी एक आणि बायकांना काळी चार सोयीची, म्हणून पट्टी ठरवताना सर्वांत खालचा स्वर कोणाला पेलतो ते आधी बघा.

नागपूरच्या देशपांडे सभागृहात गाणार असाल तर प्रत्येकाला माइक देऊ नका. समोर उंचावर दोन कंडेन्सर (लांबचा आवाजही टिपणारे माइक) पुरेत, नाहीतर एखादाच आवाज पुढे येतो.

‘भूमिका’ चित्रपटाची (१९७७) गाणीही जरूर ऐका. तिथे हेच भाटिया जुन्या बोलपटांच्या ढंगात चाली बांधतात.