गिल्बर्ट स्कॉटच्या काळातली चर्च-दुरुस्ती: मूळ काम कोणतं, नंतरचं कोणतं?

प्रश्न: इंग्लंडमधल्या एका मध्ययुगीन चर्चमध्ये आतून दगड उघडे आहेत, सांध्यांत कडक सिमेंट आहे आणि दगडाचे पापुद्रे सुटताहेत. उघडा दगड मूळचाच का?

उत्तर १: बहुधा नाही. अनघड दगडाच्या भिंतीवर तेव्हा चुन्याचा गिलावा आणि रंग असे. व्हिक्टोरियन दुरुस्तीत (१९व्या शतकात, इंग्रज वास्तुरचनाकार गिल्बर्ट स्कॉटच्या काळात) तो खरवडून काढला गेला. खिडक्यांची दगडी जाळी पाहा. सगळ्या कडा सारख्याच धारदार असतील तर ती नंतरची असल्याची शंका घ्या. जमिनीवर मिंटन या इंग्रज कंपनीच्या नक्षीदार फरशा असतील तर ती १९व्या शतकातली. चेस्टर कॅथेड्रलचा लाल वालुकाश्म इतका झिजला होता, की स्कॉटने १८६८पासून बाहेरचा बराचसा दगड बदलला.

उत्तर २: पापुद्र्यांचं कारण सिमेंट. ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग दगडातून निघते आणि क्षार पृष्ठभागाखाली साचतात. सांधे रुंदीच्या दुप्पट खोल मोकळे करा, पण छिन्नीने. ग्राइंडरने कडा कापल्या जातात. सिमेंट दगडाला घट्ट धरून असेल तर सरळ राहू द्या. मग मऊ दगडाचे सांधे मुरवलेल्या चुन्याच्या मिश्रणाने भरा: चुना १ भाग, चाळलेली टोकदार वाळू ३ भाग. ५ अंश सेल्सियसखाली काम नको. भरलेल्या सांध्यांवर ओलं गोणपाट टांगून ठेवा, चुना घाईने वाळला की भुगा होतो.

उत्तर ३: सगळा दोष स्कॉटवर नको, ढासळते मनोरे त्यानेच सावरले. तरी ट्यूक्सबरीच्या मध्ययुगीन चर्चच्या दुरुस्तीच्या त्याच्या बेताला विरोध म्हणून कवी-कलाकार विल्यम मॉरिसने १८७७मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढली, ते योग्यच झालं.