ऑपरेशनच्या कागदावर सही घेताना तो वाचून का दाखवत नाहीत?

डिचोलीची लेक
गेल्या महिन्यात आईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या दीन दयाळ कार्डावर झालं, पैशाची तक्रार नाही. आदल्या रात्री साडेनऊला चार पानं आली, सगळी इंग्रजीत, तीन जागी पेन्सिलीच्या फुल्या. "काकी, इथं, इथं नि इथं." आई चौथी शिकलेली. चष्मा घरी राहिलेला, तरी तिनं एकेक अक्षर जपून काढत सही केली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत लिहिलंय की माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत द्यावी. मग हे काय होतं?

रात्रपाळीची सिस्टर
ताई, चाळीस खाटांना आम्ही दोघीच असतो. डॉक्टर ओपीडीत सांगतात, कागद ही नंतरची गोष्ट. शिवाय सगळे धोके वाचून दाखवले तर माणूस भितो. पेडण्याचे एक आजोबा हर्नियाचा कागद ऐकून घरी गेले. आठवड्यानं आतडं अडकून परत आले, तेव्हा जिवावर बेतलं होतं. त्या दिवशी मी ड्युटीवर होते.

फोंड्याचा वकील
सिस्टर, भीती खरी, पण निर्णय त्या आजोबांचाच. २००८ चा समीरा कोहली खटला बघा. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय तिच्या आईची सही घेऊन काढलं. सर्वोच्च न्यायालयानं ती संमती मानली नाही, कारण बाई स्वतः सज्ञान होती नि जिवाला तातडीचा धोका नव्हता.

वाळपईकर
कोर्टाचं कोर्टाकडे. आमच्याकडे म्हाताऱ्यांना सगळं सांगत नाहीत, मुलगा ऐकतो, मुलगाच ठरवतो. माझ्या बाबांना कॅन्सर हा शब्द आम्ही शेवटपर्यंत ऐकू दिला नाही. चुकलो असं मला वाटत नाही.

डिचोलीची लेक
दादा, तुमच्या बाबांबद्दल मी बोलणार नाही. पण माझ्या आईला विचारलं असतं तर तिला ऐकायचं होतं. सिस्टर, तुमच्यावर राग नाही, दोघींनी चाळीस जणांना वाचून दाखवणं अशक्यच. पण गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानं सरकारी कामाला कोंकणीसोबत मराठीही चालते. मग हा कागद दोन्ही भाषांत एकदाच छापायला काय हरकत? सहीसुद्धा डॉक्टर राउंडला असताना दुपारी घ्या.

काल आई टाक्यांवर हात ठेवून विचारत होती, "बाये, खडेच काढले की पित्ताची पिशवीच काढली?"