इंदूरच्या घरासाठी सौर प्रारणाची आकडेवारी नेमकी कशी वापरावी?

प्रश्न
नमस्कार. लोकमान्यनगरातील आमचे जुने घर पाडून दुमजली घर बांधायचे ठरले आहे. रस्ता पश्चिमेस असल्यामुळे दिवाणखान्याची मोठी खिडकी त्याच बाजूला येते आणि आईवडिलांची खोली वरच्या मजल्यावर आहे. वास्तुविशारदांनी सौर प्रारणाची, म्हणजे उन्हातून येणाऱ्या ऊर्जेची, वार्षिक सरासरी काढून सर्वच खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा दाखवला आहे. एवढ्याने ऊन आवरेल का?

उत्तर १
पश्चिमेचे ऊन आवरणार नाही. आडव्या पृष्ठभागाची वार्षिक सरासरी सौर पॅनेलच्या ढोबळ हिशेबाला पुरते. भिंती व खिडक्यांसाठी मात्र प्रत्येक दिशेचे, तासागणिक प्रारण पाहावे लागते. इंदूर सुमारे 22.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मध्यान्हीचा सूर्य मार्चच्या विषुवदिनी क्षितिजापासून सुमारे 67 अंशांवर, तर डिसेंबरच्या अखेरीस 44 अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा मार्चमध्ये भर दुपारी खाली पावणेपाच फूट सावली धरतो आणि डिसेंबरात दोन फुटांहूनही कमी, म्हणजे थंडीतले हवेसे ऊन आपोआप आत येते. पश्चिमेला मे महिन्याच्या मध्यावर सायंकाळी साडेपाचला सूर्य अवघा 19 अंशांवर असतो. तिथे त्याच छज्जाची सावली पाऊण फूटही पडत नाही. त्या बाजूला खिडकी लहान ठेवून बाहेरून जाळी किंवा बांबूची चिक लावावी. आतल्या पडद्याने फारसे साधत नाही, कारण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते.

उत्तर २
आईवडिलांच्या खोलीसाठी मला छताची अधिक काळजी वाटते. उन्हाळ्यात सर्वाधिक प्रारण गच्चीच घेते आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जाबचतीच्या ‘इको निवास संहिता 2018’ने छताच्या उष्णता-वहनांकाची (छतातून किती उष्णता पार होते त्या मापाची, U-value) कमाल मर्यादा 1.2 W/m²K ठेवली आहे. नुसता काँक्रीटचा स्लॅब तीत बसत नाही. स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझेक करून घ्यावा. शब-ए-माळवा, म्हणजे माळव्याच्या सुखद रात्री, ही ख्याती उगीच झालेली नाही: तासागणिक तापमान पाहिल्यास रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडून घर कधी निववता येईल, तेही कळते.

उत्तर ३
एक सावधगिरी. तासागणिक आकडे बहुधा ‘प्रतिरूप वर्षा’च्या हवामान-फायलीतून घेतात; तीत निरनिराळ्या वर्षांतले नमुनेदार महिने जोडलेले असतात, त्यामुळे उष्णतेच्या लाटेची खरी तीव्रता तीत बहुधा दिसत नाही. लाटेच्या दिवसांचे तापमान वेगळे तपासावे. शिवाय आराखडा अजून कागदावरच असेल, तर जिना आणि न्हाणीघर पश्चिमेला सरकवून दिवाणखाना आत घेता येतो का, हे छज्जाआधी विचारावे.