२ लाख ३४ हजार किलोमीटर झालेली गाडी मिसिंग मारते: आधी पार्ट बदलायचे की आधी मोजायचं?

इंदिरानगरकर

गाडी २००६ ची, चार सिलिंडर पेट्रोल, एमएच-१५, म्हणजे नाशिक पासिंग. चार वर्षांपूर्वी सीएनजी किट बसवलं. गेल्या महिन्यात कल्याणहून येताना कसारा घाटात ती धक्के द्यायला लागली, म्हणजे मिसिंग, एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. इगतपुरीला अर्धा तास थांबलो तर बरी झाली, पण घोटी ओलांडेपर्यंत पुन्हा तेच. तेव्हापासून सकाळी थंड इंजिनवर पहिली पाच-सात मिनिटं छान चालते. मुंबई नाक्याच्या सिग्नलला पोचेपर्यंत तापते, मग स्टिअरिंग थरथरतं आणि आरपीएम खाली-वर होतो.

गॅरेजला नेली. पहिल्या फेरीत चार प्लग आणि प्लगच्या वायरी बदलल्या. दुसऱ्या फेरीत प्लगला वीज देणारी कॉइल. तिसऱ्या फेरीत पेट्रोल इंजेक्टर काढून साफ केले, थ्रॉटल बॉडी धुतली. एकूण ११,७०० रुपये गेले आणि मिसिंग होतं तसंच आहे. या तीन फेऱ्यांत एकानेही विचारलं नाही की गाडी पेट्रोलवर मारते की गॅसवर. ती दोन्हीवर मारते. गॅसवर चालताना पेट्रोल इंजेक्टर बंदच असतात, मग ते साफ करून काय होणार होतं?

शेवटी मी स्वतः गाडी पेट्रोलवर ठेवून, आयडलिंगला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघितला. १, २ आणि ४ नंबरचा काढला की इंजिन लगेच पडतं. ३ नंबरचा काढला तर काही फरकच नाही. म्हणजे ३ नंबर मुळात कामच करत नव्हता. मग ओळखीतून कॉम्प्रेशन गेज आणलं, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणारं मीटर. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडे आले १६५, १६०, ९५, १६२ पीएसआय. ३ नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर १००. पिस्टनची रिंग गेली असती तर ऑइलने फट भरून आकडा बराच वर आला असता. तो आला नाही, म्हणजे बहुधा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. एवढी चाललेली गाडी मिसिंग मारत असेल तर एकही पार्ट विकत घ्यायच्या आधी कुठला सिलिंडर मेलाय ते शोधायचं आणि कॉम्प्रेशन मोजायचं. अंदाजाने पार्ट बदलत जाणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशावर प्रयोग आहे.

सातपूरचे मिस्त्री

नमस्कार साहेब. सातपूरला माझं गॅरेज आहे, २७ वर्षं हेच काम करतोय. तुम्ही केलेलं मोजमाप बरोबर आहे, त्यात खोट काढत नाही. पण "प्रयोग" हा शब्द मला लागला.

माझ्याकडे मिसिंगच्या ज्या गाड्या येतात, त्यात बहुतेक वेळा दोष प्लग, वायर नाहीतर कॉइलमध्येच निघतो. प्लग हा झिजणारा पार्ट आहे. तुमचे आधीचे प्लग किती किलोमीटर चालले होते ते तुम्ही लिहिलेलं नाही. गॅसवर तर प्लगवर जास्तच ताण येतो, कारण सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. झिजून गॅप वाढला की ठिणगी सगळ्यात आधी गॅसवर मार खाते. म्हणून गॅसच्या गाडीत प्लगपासून सुरुवात करणारा माणूस अंदाज मारत नसतो, तो क्रमाने जात असतो.

दुसरं. कॉम्प्रेशन काढायला चारही प्लग काढा, गेज लावा, ऑइल टाकून परत घ्या, यात पाऊण ते एक तास जातो. त्या तासाचे ३०० रुपये मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, "नुसतं बघायचे कसले पैसे?" तेच गिऱ्हाईक १,५०० चा प्लग सेट न बोलता घेतं. हे माझं रोजचं आहे. तपासणीला किंमत मिळत नाही म्हणून गॅरेजवाले पार्टाकडे वळतात. सगळा दोष आमच्यावर टाकू नका.

नाशिकरोडकर

मला ही चर्चाच जुनी वाटते. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावा, पी०३०३ कोड आला की ३ नंबर, पी०३०० आला की सगळीकडे विस्कळीत मिसिंग. पाच मिनिटांचं काम. माझ्या २०१८ च्या गाडीत मी तेच केलं. ज्या सिलिंडरचा कोड होता त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावली, कोडही शेजारी गेला, कॉइल बदलली, विषय संपला.

सातपूरचे मिस्त्री

@नाशिकरोडकर, दादा, तुमची गाडी २०१८ ची म्हणून. भारत स्टेज ४ च्या गाड्यांना ओबीडी-१, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची सोय, एप्रिल २०१० पासून लागू झालं, आणि मिसिंग ओळखणारं ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. २००६ च्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सर तुटला तर सांगेल, पण ३ नंबर पेटत नाही हे सांगेलच असं नाही. शिवाय तिला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल नसते. बऱ्याच गाड्यांत एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला. तिथे तुमची अदलाबदल चालत नाही.

इंदिरानगरकर

@सातपूरचे मिस्त्री, काका, शब्द कडक गेला, तो मागे घेतो. प्लग ३५,००० चालले होते, ते बदलणं मला मान्य आहे. माझा आक्षेप त्यानंतरच्या खर्चाला आहे. माझ्या गाडीत तुम्ही सांगितलेलीच रचना आहे, २ आणि ३ ला मिळून एक कॉइल. कॉइल गेली असती तर सहसा दोन्ही सिलिंडर अडखळले असते. २ नंबर ठणठणीत होता. हे दोन मिनिटांत बघता आलं असतं, मग ४,२०० ची कॉइल कशासाठी घातली?

पिंपळगावची ताई

मी दुसऱ्या बाजूने सांगते. माझी २००९ ची व्हॅन आहे, १ लाख ९० हजार झालेली, तिच्यावर माझा भाजीचा व्यवसाय चालतो. रोज पहाटे चारला पिंपळगाव बसवंतहून नाशिकला माल घेऊन येते. गेल्या जुलैत गाडी पहाटे मिसिंग मारायची आणि ऊन पडलं की सुधारायची. इथल्या एका मिस्त्रींनी काही मोजलं नाही. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. वायरीतून निळ्या ठिणग्या बाहेर उडताना मी स्वतः पाहिल्या. वायरींचा सेट बदलला, दुसऱ्या दिवशी गाडी कामाला. माझी एक खेप चुकली तर हजार-दीड हजारांचा माल बसतो. मला "आधी चारही सिलिंडर मोजू" म्हणणारा माणूस परवडला नसता.

इंदिरानगरकर

ताई, पण त्यांनी तपासणीच केली ना! फवारा मारून बघणं हे मोजण्याइतकंच पक्कं आहे. त्यांनी डोळ्यांनी दोष पाहिला आणि मग वायर घेतली. शिवाय तुमची गाडी थंडीत आणि दमट हवेत मारत होती, माझी तापल्यावर मारते. दोन्हींना "मिसिंग" म्हणतात, पण दिशा उलट्या आहेत. दमट हवेत मारलं तर वीज कुठे गळते ते बघायचं. तापल्यावर मारलं तर कॉइल तापून दम तोडते का आणि व्हॉल्व्ह बसतो का, हे बघायचं.

गंगापूर रोड

कुणी पेट्रोलबद्दल का बोलत नाही? आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. रबरी पाइप खराब होतात, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये अडकतो. माझा अंदाज आहे की निम्मं मिसिंग यामुळेच असणार.

इंदिरानगरकर

जुन्या रबराची काळजी मलाही आहे, पाइप मी बदलून घेतलेत. पण पेट्रोल चारही सिलिंडरला एकच जातं. त्याचा दोष असता तर फक्त ३ नंबर का मेला असता? आणि गॅसवर का मारलं असतं?

पाथर्डी फाटा

१९ वर्षांची गाडी, अडीच लाखांकडे चाललेलं मीटर, कॉम्प्रेशन ९५. मला वाटतं हा प्रश्न निदानाचा राहिलेलाच नाही. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग, उतरवलं की आणखी दहा गोष्टी निघतात, १५-२० हजार जातात आणि वर्षभरात रिंग-पिस्टन मागे लागतं. स्क्रॅपला द्या, त्या पैशात चांगली सेकंडहँड येईल.

इंदिरानगरकर

या गाडीतून मी वडिलांना डायलिसिसला नेत होतो. ती मला माझ्या हातांइतकी ओळखीची आहे. २०२१ ला पेठ रोडच्या आरटीओत फिटनेस करून पाच वर्षं नोंदणी वाढवून घेतली, ती मुदत आता संपत आली आहे. पुन्हा फिटनेसला न्यायची तर एक सिलिंडर मेलेला असताना पीयूसीच जमणार नाही, न जळलेलं इंधन थेट सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तीन सिलिंडर १६० च्या पुढे असलेलं इंजिन मी भंगारात देणार नाही.

सातपूरचे मिस्त्री

इथे मी साहेबांच्या बाजूने आहे. तीन आकडे असे असतील तर रिंग-पिस्टन चांगलं आहे. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या पाऊणपटीच्या खाली गेला की दोष धरायचा. ९५ म्हणजे दोष नक्की आहे, पण एकाच सिलिंडरचा. शेजारशेजारचे दोन पडले असते तर हेड गॅस्केट म्हटलं असतं.

पण साहेब, गेजवर थांबू नका. गेज फक्त हवा कमी राहते एवढंच सांगतो, कुठून जाते ते सांगत नाही. ३ नंबरचा पिस्टन वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या जागी. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरकडून आली तर इनटेक. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. मी कंपनीत शिकाऊ असताना आमच्या फोरमननी हे शिकवलं, आजही त्याच्याशिवाय हेड उतरवत नाही.

आणि त्याआधी टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवर ठेवलेली बारीक फट बरोबर आहे का ते. तुमची लक्षणं मला तिकडेच नेतात. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलचा ओलावा व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो त्या सीटला मिळत नाही, सीट झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, त्याची दांडी वर येते आणि टॅपेटचा गॅप संपतो. थंड असताना व्हॉल्व्ह कसाबसा बसतो. तापला की दांडी वाढते आणि तो उघडाच राहतो. व्हॉल्व्ह सीटला टेकला तरच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर कड जळते, आणि मग हेड उतरवण्याशिवाय पर्याय नाही. कसाऱ्याला सुरू झालं म्हणता, ते याच्याशी जुळतं, घाटात एक्झॉस्ट सगळ्यात जास्त तापतो. गॅप कमी असताना गाडी तशीच पळवू नका. तुमच्या इंजिनला स्क्रूचे टॅपेट आहेत की शिमचे, म्हणजे पातळ चकत्यांनी माप जुळवायचे? हायड्रॉलिक असतील तर सेटिंग नसतंच.

इंदिरानगरकर

स्क्रूचे आहेत, काका. किट बसवल्यापासून चार वर्षांत टॅपेट एकदाही बघितलेले नाहीत. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

नाशिकरोडकर

माझ्याही गाडीला गॅस आहे आणि मलाही कुणी सांगितलं नाही. किट लावताना फक्त मायलेज आणि टाकीच्या तपासणीची तारीख सांगतात. किती किलोमीटरला बघायचे?

सातपूरचे मिस्त्री

गाडीच्या पुस्तकात जे दिलंय, गॅसवर त्याच्या निम्म्याला बघा. हे माझं मत आहे, कंपनीचं नाही. तुमच्या गाडीला सेटिंग आहे का ते आधी पुस्तकात बघून घ्या.

इंदिरानगरकर

आठ दिवसांनी लिहितोय. गाडी मिस्त्रीकाकांकडे नेली. आदल्या संध्याकाळी उभी केली, सकाळी सुरू न करताच त्यांनी व्हॉल्व्ह कव्हर काढलं. ३ नंबरच्या एक्झॉस्टला ०.०५ मिलिमीटरची फिलर, म्हणजे फट मोजायची पट्टीही जात नव्हती. १ नंबरच्या एक्झॉस्टचा गॅपही पुस्तकातल्या मापाच्या जेमतेम अर्धा होता, म्हणजे पुढचा नंबर त्याचा होता. हवा सोडल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, वारा जाणवत होता.

आठही टॅपेट मापाला आणले. गरम करून कॉम्प्रेशन घेतलं: १६५, १६०, १३८, १६२. सिग्नलवरची थरथर गेली. काल मुद्दाम त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो, एकदाही अडखळली नाही. खर्च ९०० रुपये, त्यात कव्हरचं गॅस्केट आलं. १३८ का आणि १६० का नाही, हे मला खटकतंय. काका म्हणतात कड थोडी जळालेली असणार, ५,००० किलोमीटरनी परत मोजू, आकडा खाली गेला तर हेड उतरवून सीट कापायची. मला आत्ताच उतरवावंसं वाटतं, त्यांना नाही.

सातपूरचे मिस्त्री

चालणारं हेड उतरवायचं नाही. उद्या १३८ चा १२० झाला तर मी स्वतः फोन करून बोलवीन.

प्लगबद्दल माझं मत तेच आहे. ते ३५,००० ला बदलायलाच हवे होते. कॉइल आणि इंजेक्टरचे पैसे मात्र वाया गेले, हे मी मान्य करतो. माझ्या गॅरेजमध्येही असं झालेलं आहे.

पिंपळगावची ताई

काका, माझ्या व्हॅनलाही दोन वर्षांपासून गॅस आहे. आत्ता काही त्रास नाही, पण हे वाचून झोप लागली नाही. खेप न बुडवता बघून होईल का?

सातपूरचे मिस्त्री

होईल ताई. सुट्टीच्या आदल्या दिवशी माल उतरवून दुपारी इकडे आणून उभी करा, रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी सातला कव्हर उघडतो, दहापर्यंत गाडी मोकळी. तपासणीचे ३०० आधीच सांगतो, गॅप बरोबर निघाला तरी ते घेणार.

पिंपळगावची ताई

चालेल. चावी कुणाकडे द्यायची?