लस टोचल्यावर खांदा धरला, भरपाई कुठं मागायची?

प्रश्न (लातूर): खासगी दवाखान्यात पैसे भरून लस घेतली. सुई खांद्याच्या हाडालगतच टोचली. त्याच रात्री ठणका सुरू झाला, आता हात वर जात नाही. दावा कुठं करायचा?

उत्तर १: पैसे भरलेत ना? मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत 2 वर्षं. दवाखान्याला भरलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही. सरकारी केंद्रात फुकट घेतली असती तर हा रस्ता बंद होता. अमेरिकेची लस-भरपाई योजना इथं लागू नाही, नेटवरचं वाचून फसू नका.

उत्तर २: खरी लढाई पुराव्याची. सुई हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटं, दंडाच्या मांसल भागात हवी. वर गेली तर औषध सांध्याजवळच्या पिशवीत उतरतं, सूज येते. दुखणं ४८ तासांत सुरू झाल्याची नोंद हवीच. महिनाभरानं दाखवलं की ‘फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा), शुगरमुळं’ म्हणून उडवतात. एमआरआय करा, ऑर्थोपेडिककडून कारण लेखी घ्या. लस दिलेल्या दवाखान्याकडं कागदपत्रं लेखी मागा, ७२ तासांत द्यावी लागतात. पोच घ्यायला विसरू नका.

उत्तर ३: बिलावर लसीचं नाव, बॅच नंबर आहे का बघा. आणि जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडं दुष्परिणामाची नोंद करा. त्यातून पैसे मिळत नाहीत, पण तारखेसह सरकारी नोंद होते.