शब्दचर्चा: 'रेशियल बोनस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाचं पात्रपत्रक शाळकरी मुलांसाठी मराठीत करतो आहे. सहा क्षमतांची नावं ठरली: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. गाडी अडली ती 'रेशियल ॲबिलिटी स्कोअर बोनस'पाशी, म्हणजे पात्र एल्फ, ड्वार्फ अशा कोणत्या काल्पनिक लोकांपैकी आहे त्यावरून त्याच्या क्षमतांच्या आकड्यांत पडणारी भर. आधी 'जातीनिहाय गुणवाढ' लिहिलं होतं, पण ते मुलांच्या हाती द्यायला मन धजावेना. आमच्याकडे खेळाच्या नियमांचं २०१४चं पुस्तक आहे. काय लिहावं?

उत्तर १

'जात' काढलीत हे फार चांगलं केलंत. जन्मावरून कुणाची बुद्धी आणि कुणाची ताकद ठरवणारा तक्ता, आणि वर मथळा 'जात', हे आपल्याकडच्या मुलांपुढे ठेवूच नये. शिवाय 'सबरेस'ला मग 'पोटजात' म्हणायची पाळी येते.

'प्रजाती' पुष्कळांना सुचेल. पण जीवशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत प्रजाती म्हणजे जीनस, आणि स्पीशीजला शब्द आहे 'जाती'. म्हणजे फिरून तिथेच आलो. एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग यांच्यासाठी 'वंश' बरा. 'वंशवाद'मुळे तोही अगदी निर्मळ नाही, पण 'सूर्यवंश', 'वंशावळ' यांच्यामुळे कथेच्या जगात तो सहज रुळतो. 'उपवंश'ही खटकत नाही.

फक्त 'वंशवाढ' असा जोडशब्द करू नका! त्याचा अर्थ मुलंबाळं होणं.

'गुण' हा शब्दही इथे अडचणीचा, कारण क्षमता म्हणजेही गुण आणि तिचा आकडा म्हणजेही गुण. 'वाढीव गुण' म्हटलं की दहावीचे खेळाचे सवलतीचे गुण डोळ्यांपुढे येतात, आणि हाफ-ऑर्कला ताकदीत मिळणारे +२ ही कुणी दिलेली सवलत नव्हे. आकड्याला 'अंक' म्हणा.

उत्तर २

'बोनस' तसाच ठेवला तर? दिवाळीचा बोनस सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या टेबलावर तर 'एल्फ घेतला की डेक्सला (म्हणजे चपळाईला) प्लस टू' एवढंच म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही.

उत्तर १

बोलताना अडत नाही, खरं आहे. पण बोनस कधी वजा नसतो आणि हा नियम बराच काळ वजाही करत होता. १९७८च्या पुस्तकात ड्वार्फला काटकपणात +१ आणि छापेत -१, तर एल्फला चपळाईत +१ आणि काटकपणात -१. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत हाफ-ऑर्कला ताकदीत +२, पण बुद्धीत आणि छापेत प्रत्येकी -२. त्या पुस्तकांसाठी 'वाढघट' हाच शब्द योग्य. २००८च्या चौथ्या आवृत्तीत उणे आकडे गेले. २०१६च्या एका पूरक पुस्तकात ऑर्कला बुद्धीत -२ आणि कोबोल्डला ताकदीत -२ असे ते पुन्हा डोकावले, पण २०२०मध्ये तेही काढले. तुमच्या पुस्तकापुरती 'वाढ' पुरेशी आहे.

आता 'रेशियल'. मला वाटतं, इथे वंशाचं नाव घ्यायची गरजच नाही. आपल्याकडे 'उपजत' हा नेमका शब्द आहे. उपजत शहाणपण, उपजत आवाज असं आपण रोज म्हणतो. एल्फची चपळाई उपजत, ड्वार्फचा काटकपणा उपजत. पत्रकावर तीन रकाने करा: मूळ अंक, उपजत वाढ, एकूण. ड्वार्फच्या काटकपणाच्या ओळीत १४, +२, १६. बेरीज मुलांना आपोआप समजेल.

शेजारी 'फरक' म्हणून चौथा रकानाही हवा, कारण फाशाच्या आकड्यात मिळवायचा तो फरक, अंक नव्हे. १० आणि ११ला फरक शून्य, पुढे दर दोन अंकांना एक. त्यामुळे १४चा +२ आणि १६चा +३.

उत्तर ३

'उपजत' फार आवडला, कारण २०२४च्या पुस्तकात नेमकं काय बदललं ते या शब्दानं लगेच सांगता येतं. तिथे ही वाढ उपजत उरलीच नाही, ती कमावलेली झाली. पात्राची पार्श्वभूमी तीन क्षमता ठरवते. त्यातल्या एकीला +२ आणि दुसरीला +१ द्यायचे, नाहीतर तिन्हींना +१. शेतकरी असेल तर ताकद, काटकपणा, शहाणपण. अभ्यासक असेल तर काटकपणा, बुद्धी, शहाणपण.

हा बदल व्हायलाच हवा होता. २०१४च्या नियमात कुणाला हाफ-ऑर्क जादूगार करायचा असला आणि त्यानं मंत्रांसाठी लागणाऱ्या बुद्धीला आपला सर्वांत मोठा अंक, १५, दिला, तर फरक +२वरच थांबायचा. शेजारचा हाय एल्फ (एल्फांचा एक उपवंश) त्याच १५वर उपजत +१ घेऊन १६वर जायचा, म्हणजे +३. वीस बाजूंच्या फाशावर एकाचा फरक म्हणजे यशाच्या शक्यतेत पाच टक्के, आणि तो फासा टाकावा लागणाऱ्या प्रत्येक मंत्राला भोवतो. मग हळूहळू सगळे जादूगार एल्फ किंवा नोम आणि सगळे हाफ-ऑर्क कुऱ्हाडवाले, असंच व्हायचं. मुलाला मनातलं पात्र सोडून तक्त्यातलं पात्र घ्यावं लागायचं. २०२०च्या नोव्हेंबरात आलेल्या पुस्तकानं ही वाढ हव्या त्या क्षमतेकडे वळवायची ऐच्छिक मुभा दिली. २०१४चं पुस्तक वापरूनही ती घेता येते.

प्रश्नकर्ता

'उपजत वाढ' घेतो. वळवायची मुभाही देणार आहे, त्यामुळे त्या रकान्यात पुस्तकातला आकडा छापत नाही. तो मोकळा ठेवतो, मुलं पेन्सिलीनं भरतील.